गाडीचं दावं

मेलेली म्हैस विकत घ्यायला निघालेला माणूस आमच्या आंधळगावात अजून कोणी पाहिलेला नाही. मेलेली मोटरसायकल विकत घ्यायला निघालेले मात्र मी आजवर अकरा पाहिले, आणि त्या अकरांतल्या एकालाही आपण काय करून राहिलो आहोत याचा पत्ता नव्हता. म्हैस मेली की निदान वास तरी सोडते. शहाणा लांबूनच वळतो. मोटरसायकल मेली तरी वास सोडत नाही. उलट उन्हात तिची टाकी चमकते, आणि ती चमक पाहून चांगल्या घरचे, बारावी झालेले, बायकोवाले पुरुष तिच्याजवळ जातात, सीटवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "इंजिन दमदार वाटते." ते इंजिन त्यांनी ऐकलेलं नसतं. ते इंजिन ज्याने शेवटचं ऐकलं, तो माणूस कानाने बहिरा झालेला असतो किंवा गाव सोडून गेलेला असतो.

यातला अकरावा म्हणजे धर्मेंद्र.

धर्मेंद्र माझ्या शेजारचा. त्याचा बाप आणि मी, आम्ही तीस वर्षं भिंतीला भिंत लावून कोशाचं रेशमी कापड विणलं. बाप गेला तसा पोराने माग विकून टाकला, "हे बुढ्यांचं काम आहे" म्हणाला, आणि वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. जाणं-येणं भुपेंद्र नावाच्या मित्राच्या गाडीवर मागे बसून. या दिवाळीनंतर भुपेंद्र पुण्याला निघून गेला, आणि धर्मेंद्रला शोध लागला की तीन वर्षं नोकरी भुपेंद्रची मोटरसायकल करत होती. आपण नुसते मागे बसलो होतो.

मग तो सायकलवर जाऊ लागला. धर्मेंद्रची सायकल म्हणजे काय सांगावं! एकदा रस्त्यात त्याला एका गाभण शेळीने मागे टाकलं. शेळी वरठीला पोचली, तिथे व्याली, आणि परत येताना दोन पिलांसह त्याला पुन्हा भेटली, तेव्हा हा अजून जातच होता. साहजिकच महिन्यात दोनदा उशीर झाला. ठेकेदाराने गेल्या शुक्रवारी त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, दोन दिवस घरी बस, गाडीचं काय ते पाहा. सोमवारी सकाळी सहाच्या आत गेटवर दिसला तर ठीक, नाहीतर हजेरीचं कार्ड दुसऱ्याच्या नावावर.

घरात माग नाही, गावात शेत नाही. कार्ड गेलं तर सगळंच गेलं. हे धर्मेंद्रच्या बायकोला, रेणूला, कळत होतं. धर्मेंद्रलाही कळत होतं. पण त्याला सोबत इतरही बरंच काही कळत होतं, आणि तीच अडचण होती.

कारण साठवलेल्या पैशात एकच गाडी येणार होती, आणि गावात विकायच्या गाड्या होत्या दोन. एक वच्छलाबाईंची स्कूटी. वच्छलाबाई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. त्यांनी ती स्कूटी बारा वर्षं अशी वापरली, की आठवड्यातून एकदा धुवायची, महिन्यातून एकदा तेल, आणि रोज रात्री तिला गोधडी. एका बटणावर सुरू होते. कागद स्वच्छ. दोष एकच, रंग गुलाबी. साधासुधा गुलाबी नाही, बारशाच्या झबल्याचा गुलाबी.

दुसरी शकुनबाईच्या गोठ्यातली मोटरसायकल. ही शकुनबाईच्या पवनीच्या भावाची. वीस सालच्या पुरात वैनगंगा घरात शिरली तेव्हा ती तीन दिवस पाण्याखाली होती. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, भावाने ती ट्रॅक्टरवर घालून बहिणीकडे आणून टाकली आणि म्हणाला, "सुकू दे." तेव्हापासून ती सुकतेच आहे.

आता यात विचार करण्यासारखं काय आहे? काही नाही. म्हणूनच धर्मेंद्र विचार करत होता.

शनिवारी सकाळी रेणू माझ्याकडे आली.

"काका, हे शकुनबाईकडं चालले ते भंगार पाहाले. तुमाले बोलावतील. तुमी जा आन नाही म्हणा."

"माझं कायले ऐकन तो?"

"कोणाचंच नाही ऐकत. पन तुमचं ऐकलं नाही असं अजून झालं नाही, काहून का तुमी आजपर्यंत कामाचं काही बोललेच नाही."

पोरगी सून म्हणून आली तेव्हा अशी नव्हती. या गल्लीने बिघडवली.

"सिस्टरच्या गाडीले काय झालं?" मी विचारलं.

"गुलाबी आहे म्हणतात. गेटवर लोकं हसतील म्हणतात." तिने पदर खोचला. "घरात चूल थंडी पडली तं कोणी हसनार नाही, नाही का? तवा सारे गंभीर होतील."

मी हो म्हणालो. पण सरळ नाही म्हणणं हा माझा धंदा नव्हे. चाळीस वर्षं मी या गावाला अशा अशा गोष्टी सांगितल्या आहेत, की आज मी "ऊन आहे" म्हणालो तर चार जण छत्री उघडतात. तेव्हा काय करायचं ते तिथे गेल्यावर पाहू, असं ठरवून मी धर्मेंद्रबरोबर निघालो. शकुनबाईकडे चहा चांगला मिळतो, हेही एक कारण होतं.

गोठ्यात आमच्या आधी भैय्यालाल येऊन उभा होता. भैय्यालाल बैलांचा दलाल. जिल्ह्यातले सगळे बैलबाजार त्याने पायाखाली घातलेले. आता लोक ट्रॅक्टर घेतात, बैल कोणी पाहत नाही, म्हणून हा जुन्या गाड्यांचे सौदे करतो. गाड्यांतलं त्याला काहीही कळत नाही. बैलातलं सगळं कळतं, आणि ते तो गाड्यांना लावतो.

"सरका सरका," तो म्हणाला, आणि दोन कोंबड्यांना हाकलून गाडीभोवती एक चक्कर मारली. हँडलच्या दोन्ही बाजू धरून मान हलवून पाहिली. मागे जाऊन शेपटी पिरगाळावी तसा मागचा दिवा पिरगाळला. तो हातात आला. तो त्याने खिशात ठेवला.

"एक डोळा गेला," समोरचा फुटका दिवा पाहून तो म्हणाला. "पन बैल डोळ्यानं नाही चालत. खांदा पाहा, खांदा!" आणि टाकीवर थाप मारली. टाकीतून पोटफुगीच्या म्हशीसारखा आवाज आला.

"दात तं पाहा," मी म्हणालो.

मला वाटलं थट्टा कळेल. पण त्याने खरंच वाकून चेनच्या चाकाचे दात मोजले. "काही झिजले. पन अजून जुळला नाही, म्हातारा नाही झाला. चार-पाच वर्षं ओढते आरामात."

धर्मेंद्र खाली बसून चाकाच्या तारा चाचपत होता. तारांमधून वालाचा वेल गेला होता आणि त्याला शेंगाही धरल्या होत्या. त्या शेंगांकडे न पाहता तो मला म्हणाला, "काका, चेसिस पाहा. असं लोखंड आता येत नाही."

"लोखंड वरठीत रोजच पाहतो न तू?"

"तसं नाही. कार्बुरेटर खोलाचं, धुवाचं. वायरिंग नवीन टाकाचं. पिस्टन पाहाचा. उद्या दिवसभरात उभी करतो. हा व्हिडिओ पाहा न."

त्याने मोबाईल समोर धरला. त्यात एक गडी आमच्या गाडीहून सडकी गाडी बारा मिनिटांत जिवंत करत होता. मी बारकाईने पाहिलं. त्या बारा मिनिटांत गड्याने सहा वेळा शर्ट बदलला, आणि शेवटी शेवटी त्याला दाढी आली होती. धर्मेंद्रला शर्ट दिसले नाहीत. पिस्टन दिसला.

"सायलेन्सर मोकळा आहे का ते तं पाह," मी म्हणालो.

त्याने सायलेन्सर सोडवला, उलटा केला, ठोकला. आधी दोन पायल्या वैनगंगेचा गाळ पडला. मग एक खेकडा बाहेर आला. खेकड्याने आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं, गाव काही खास वाटलं नाही, आणि तो परत आत गेला. ज्याला हे पटत नसेल त्याने शकुनबाईला विचारावं. ती म्हणेल उंदीर होता. पण त्या वेळी ती चुलीकडे होती.

तिने चहा आणला. शकुनबाई तोंडाने फटकळ, हाताने सढळ बाई. "घेऊन जा गा बाबू," ती धर्मेंद्रला म्हणाली. "माह्या कोंबड्याईले जागा होईल. भावाचा फोन आला होता, विकून टाक म्हणे. कागद इथंच आहे पेटीत, त्याची सही करून ठेवली."

"कागदबी आहे!" धर्मेंद्रचा चेहरा असा उजळला, की जणू गाडी कागदावर चालते.

भैय्यालालने खांद्यावरचा दुपट्टा काढला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि घेणारा दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबतात, आणि चारचौघांना कळू न देता सौदा होतो. इथे चारचौघं म्हणजे मी, शकुनबाई आणि कोंबड्या. तरी त्याने दुपट्टा पसरला. धर्मेंद्रने चहाची कपबशी खाली ठेवली आणि हात आत घातला. त्याच्या कपाळावर घाम आला. एकदा हात पुरता दाबला गेला की बैल माघारी देता येत नाही. गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

मला रेणूची चूल दिसली.

"सौदा करा," मी म्हणालो, "पन दावं कोण ठेवनार?"

दुपट्ट्याखालचे हात थांबले.

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे बैल विकला, गाय विकली, तरी विकणारा दावं देत नाही. जनावर द्यायचं, गळ्यातला दोर काढून आपल्या खुंट्याला ठेवायचा. घेणाऱ्याने आपला नवा दोर आणायचा. दोरासोबत घरची लक्ष्मी जाते म्हणतात. आमच्या आजोबांच्या आजोबांनी असं केलं, म्हणून आम्ही करतो. त्यांनी का केलं ते त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

"हे तं खरं आहे," भैय्यालाल गंभीर झाला. बैलातला माणूस तो. हे त्याच्या कसं ध्यानात आलं नाही याची त्याला लाज वाटली. "दावं तं ठेवाच लागते."

"मोटरसायकलले कुठं दावं असते गा!" धर्मेंद्र म्हणाला.

"चाबी," भैय्यालाल म्हणाला.

"चाबी पुरातच गेली," शकुनबाई म्हणाली. "भाऊ खिळ्यानं चालू करे."

"मंग चेन."

"चेन ठेवली तं गाडी काय ढकलत नेऊ?" धर्मेंद्र ओरडला.

"तसाबी ढकलतच नेनार आहेस," मी म्हणालो. "चेन म्हणजे आतडं. आतडं म्हणजे दावं नव्हे. दावं म्हणजे काय? ज्यानं जनावर धन्याच्या खुंट्याले बांधलं राहते, ते. गाडी कशानं बांधली राहते? नावानं. नाव कुठं असते? कागदावर."

कोंबड्याही थांबल्या.

मग मी तो किस्सा सांगितला. पलीकडच्या एका गावी माझ्या साडूच्या साडूने मोटरसायकल विकली आणि कागदही देऊन टाकला. आठ दिवसांत गाय आटली. पंधराव्या दिवशी बोअरला गरम पाणी लागलं. कोंबड्यांनी ते पिऊन उकडलेली अंडी घातली. महिन्याच्या आत घरातली तुळस पायऱ्या उतरून शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आणि सव्वा महिन्यानंतर एका पहाटे ती मोटरसायकल आपली आपण दारात येऊन थांबली. मागे कोणा दुसऱ्याचंच पाहुण्यांचं सामान बांधलेलं. पाहुणे चार दिवसांनी पायी आले आणि दोन महिने राहिले.

शकुनबाई गाईच्या आटण्यावर हसली नाही, उकडलेल्या अंड्यांवर हसली नाही. पाहुणे दोन महिने राहिले म्हणताच मात्र उठली, आत गेली, पेटीतला कागद आणला आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधला.

"गाडी घेऊन जा. कागद भेटत नाही."

"अवो शकुनकाकू, कागदाशिवाय कारखान्याच्या स्टँडात गाडी घेत नाहीत!"

"मंग बाहेर उभी कर."

धर्मेंद्रने माझ्याकडे असं पाहिलं, की बाप जिवंत असता तर भिंतीतून शिवी आली असती. भैय्यालालने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. माझा चहा संपला होता. मी उठलो. मनात म्हटलं, मधुकरराव, काम झालं, आता उद्या स्कूटी घेईल आणि परवा गेटवर पोचेल. माणूस आपल्या हुशारीवर खूश असतो त्या वेळी त्याच्याहून मोठा गाढव तालुक्यात नसतो.

रविवारी सकाळी धर्मेंद्र, रेणू आणि मी सिस्टरकडे गेलो. सिस्टरने स्कूटी अंगणात काढून ठेवली होती. बटण दाबलं, ती मांजरीसारखी गुरगुरू लागली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, विम्याची पावती वेगळी, सही केलेला फॉर्म वेगळा, सगळ्याला पिना. सिस्टरने पिशवी पुढे केली.

धर्मेंद्रने हात मागे घेतला.

"नाही सिस्टर," तो म्हणाला, आणि आवाज असा दाटून आणला की कीर्तनकाराने शिकावा. "मी तुमचा कागद कसा घेऊ? कागद म्हणजे दावं. तुमच्या घरची लक्ष्मी मी घेऊन जाऊ? काकांनी काल सांगितलं. जाणता माणूस आहे. मले पाप नोको."

पाहा! ज्या माणसाने आयुष्यात बापाच्या मागालाही कधी नमस्कार केला नाही, त्याला एका रात्रीत धर्म सापडला. रात्रभर झोपला नसावा. माझ्या घरच्या लोखंडाचा खिळा घेऊन त्याने तो माझ्याच पायात ठोकला होता.

सिस्टर चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग हसल्या. त्या हसल्या की इंजेक्शन घेतलेल्या लोकांना अजून दुखतं.

"माही लक्ष्मी म्हणजे माही पेन्शन. ते बँकेत येते. तिले दावं नाही," त्या म्हणाल्या. "आन आमच्या आज्यानं छप्पन साली नागपूरले जाऊन असे लय दावे तोडून टाकले. तू माह्या घरची फिकर नोको करू बाबू. हे कोणी सांगितलं तुले?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रेणूच्या डोळ्यांत मी पाहू शकलो नाही. माझ्या लक्षात आलं की मी कसा अडकलो. खोटं सांगितलं असं कबूल केलं, तर शकुनबाईच्या पदरातली गाठ सुटणार आणि हा धावत जाऊन ते भंगार आणणार. खरं आहे म्हणून रेटलं, तर हा स्कूटीला पापाच्या भीतीने हात लावणार नाही, उद्या पुन्हा सायकलवर निघेल आणि दुपारपर्यंत कार्ड गेलेलं असेल. दोन्हीकडून चूल थंडी.

"बोला न मधुकरराव," सिस्टर म्हणाल्या. "तुळस चालत गेली म्हणे?"

"काका," रेणू हळूच म्हणाली, "मी तुमाले फक्त 'नाही' म्हणा म्हटलं होतं. तुमाले एक शब्द बोलाले सांगितला, तुमी पुरान सांगून आले."

चाळीस वर्षांत मी कधी केलं नव्हतं ते केलं.

"खोटं आहे," मी म्हणालो. "सारं मी बनवून सांगितलं. साडूच्या साडूकडं मोटरसायकलच नव्हती. दावं बैलाले असते. कागदाले काही नसते. घे ते पिशवी."

मला वाटलं आभाळ पडेल. काही पडलं नाही. धर्मेंद्र मात्र ताडकन उभा राहिला.

"खोटं होतं? मंग शकुनकाकू कागद देते!" आणि तो फाटकातून पळाला. रेणू त्याच्यामागे, रेणूमागे मी. सिस्टरही चप्पल घालून निघाल्या. म्हणाल्या, "हे पाहालेच पाहिजे."

शकुनबाई अंगणात धान वाळवत होती. धर्मेंद्रने धापा टाकत सांगितलं, की काका खोटं बोलले, दाव्याचं काही नाही, स्वतःच कबूल करून राहिले, विचारून पाहा पाहिजे तर. तिने मला विचारलं.

"मधुकरभाऊ, काल खोटं बोलले?"

"हो."

"आज खरं बोलून राहिले?"

"हो."

तिने विचार केला. पायाने धान पसरवत पसरवत केला. मग म्हणाली, "काल तुमाले बोलून काही भेटनार नव्हतं. बोलून गेले, चहा पेऊन गेले. आज मात्र तीन मानसं पळत आनली आन घामानं भिजले. मानूस खरं बोलाले इतका पळते का?" तिने पदराची गाठ चाचपली. "आन मी तुमाले तीस वर्षांपासून ओळखतो. तुमी खरं बोललेले मी कधी पाहिले नाही, तं आजच कायले सुरुवात कराल? कालचंच खरं आहे. कागद देत नाही."

"अवो काकू, पन..."

"गाडी फुकट ने लागन तं. कोंबड्या वैतागल्या."

फुकट म्हटल्यावर धर्मेंद्रचे डोळे गोठ्याकडे गेले. मी सांगतो, आधीच्या दहा जणांत मी ही नजर पाहिली आहे. पण फुकट शब्दाने इतका खराब झालेला चेहरा पाहिला नव्हता. तो गोठ्यात गेला, मोटरसायकलसमोर जाऊन उभा राहिला. "बाहेर झाडाखाली उभी केली तं," तो स्वतःशीच बोलत होता. "स्टँडात कायले पाहिजे. आज उभी करतो. वायरिंग. कार्बुरेटर."

रेणू त्याच्याजवळ गेली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"करा उभी," ती म्हणाली. "आता अकरा वाजले. पिस्टन पाहाचा आहे न, पाहा. रात्रभर पाहा. मी डबा बांधून देतो. उद्या सकाळी सहा वाजता तुमी इथं हे चाक फिरवत बसलेले राहाल, आन वरठीच्या गेटवर तो ठेकेदार तुमच्या नावावर लाईन मारून राहिन. मंग कोणी हसनार नाही तुमाले. गुलाबी गाडीवरून गेले म्हणून कोणीच हसनार नाही, काहून का तुमी जानारच नाही."

त्याने चाकातली वालाची एक शेंग तोडली.

"माग विकला तवा मी काही म्हटलं का? बुढ्यांचं काम आहे म्हणाले तुमी. बरं. आता हे मानसाचं काम आहे, हे तरी करा. लोकांच्या हसन्याले एवढे भेता, तं कारखान्यात त्या भट्टीजवळ कसे उभे राहता?"

सिस्टर दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी स्कूटीच्या कागदांची पिशवी काढली, पुढे केली नाही, गोठ्याच्या खांबाला लटकवली आणि मला म्हणाल्या, "चला मधुकरराव. हे आता त्या दोघांचं." शकुनबाई धानाकडे वळली.

मी पायरीवरून पाहत होतो. धर्मेंद्रने मोटरसायकलच्या टाकीवरून एकदा हात फिरवला. हाताला गंज लागला, तो पँटीला पुसला. मग खांबाजवळ जाऊन पिशवी काढली, आतले कागद बाहेर काढून एक एक पाहिला, जशी माझ्यासमोर पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी पाहिली होती तसा. पिशवी खिशात बसेना, म्हणून ती शर्टाच्या आत घातली.

"रंग मारून घेता येते का?" त्याने रेणूला विचारलं.

"सोमवार झाल्यावर," ती म्हणाली.

सोमवारी पहाटे पावणेपाचला तो निघाला तेव्हा आमच्या गल्लीत जितके लोक जागे होते तितके पोळ्यालाही नसतात. त्याने रेणूचा दुपट्टा डोक्याला, तोंडाला, कानाला असा गुंडाळला होता की फक्त डोळे उघडे. त्यामुळे अंधारातही तो लगेच ओळखू आला. असं कोणी दुसरं या गावात करत नाही. कोणीतरी शिट्टी मारली. भैय्यालालने "भले बैल!" म्हणून ललकारी दिली. धर्मेंद्रने मान खाली घातली आणि बटण दाबलं. ती पहिल्याच बटणावर सुरू झाली, याचा त्याला स्पष्ट राग आला होता.

मी वरठीला गेलो नाही; पण भैय्यालालचा मेहुणा त्याच गेटवर कामाला आहे, आणि तो माझ्यासारखा बोलत नाही, म्हणून त्याचं सांगतो. धर्मेंद्र स्टँडात शिरला तसा तिथल्या माणसाने हात केला: "बाई, तिकडं, लेडीजच्या लाईनीत लावा." धर्मेंद्र लेडीजच्या लाईनीत गेला, गाडी लावली आणि तसाच दुपट्ट्यासकट गेटवर आला. ठेकेदार कार्डांचा गठ्ठा घेऊन उभा होता.

"कोण गा? तोंड दाखव. तोंडाशिवाय हजेरी लागत नाही."

मागे साठ-सत्तर माणसं. काही हसायला लागली होती. धर्मेंद्रने दुपट्टा सोडला.

सहाला अजून सतरा मिनिटं होती. ठेकेदाराने कार्ड शोधून त्याच्या हातात दिलं.